मालक अज्ञात, डोस चौदा

शेवटी गुन्हेगार सापडला. आमची आईच निघाली.

हे वाक्य मी परत घेतो. तुम्हीही ते वाचलंच नाही असं धरून चाला. आमच्या घरात गेले तीन आठवडे सगळे तसंच धरून चाललेत आणि कुणाचं काही अडलेलं नाही. तर, गुन्हेगार अजून मोकाट आहे, तो कोण हे कुणालाही माहीत नाही, आणि आई त्याच्या मागावर आहे.

आई बस डेपोच्या हरवले-सापडले विभागात कारकून आहे. विभाग म्हणजे एक खोली, एक खिडकी आणि आई. बस शेवटच्या थांब्यावर रिकामी झाली की सीटखाली जे उरतं ते कंडक्टर आणून देतो. आई त्याला चिठ्ठी बांधते, नोंदवहीत लिहिते आणि फळीवर ठेवते. नव्वद दिवसांत मालक आला तर ठीक, नाही तर लिलाव. सव्वीस वर्षांत तिच्या हातून छत्र्या, कवळ्या, एकेकटे बूट, व्हायोलिनची रिकामी पेटी आणि एक कुबडी गेली. कुबडीवर तिचा अजून राग आहे. "हा माणूस कुबडी घेऊन चढला आणि कुबडीशिवाय उतरला," ती म्हणते. "म्हणजे एक तर चढताना खोटं वागत होता, नाही तर उतरताना चमत्कार झाला. आणि आपल्या डेपोत चमत्कार होत नाहीत."

संशय घेणं हा आईचा स्वभाव नाही, नोकरीचा भाग आहे. सुट्टीच्या दिवशीही ती कामात हयगय करत नाही, एवढंच. कुणी काळी छत्री मागायला आलं की ती विचारते, "मुठीवर काय आहे?" माणूस गडबडला, "बहुतेक लाकडी... की प्लास्टिक?" असं म्हणाला, तर छत्री त्याची. धडाधड रंग, काड्या, कंपनी सांगितली तर नाही. "खऱ्या मालकाला आपली वस्तू कधीच नीट आठवत नाही," हा तिचा सिद्धांत. "पाठ करून येतो तो चोर."

तिचे आणखी दोन नियम सांगायला हवेत, कारण पुढचं सगळं रामायण त्यातून झालं. पहिला, नियम अकरा. पूर्वी एका गृहस्थाने आपली पिशवी शोधता शोधता स्वतःचं हेल्मेट खिडकीवर ठेवलं आणि तो निघून गेला. चार महिन्यांनी येऊन भांडला. तेव्हापासून नियम असा, की खिडकीवरच्या वस्तूला पंधरा मिनिटं कुणी हात लावला नाही, तर ती बेवारस समजावी आणि तिला चिठ्ठी बांधावी. दुसरा नियम, आधी नोंद, मग काम. वस्तू फळीवर नंतर जाते, वहीत आधी. घरीसुद्धा आई दूध आणल्याची खूण कॅलेंडरवर आधी करते आणि मग दूध आणायला जाते.

मी डेपोतच आहे, तिच्या खिडकीच्या बरोबर समोर, फलाट ओलांडून. माझा झेरॉक्स आणि लॅमिनेशनचा ठेला आहे. शिक्षण बरंच झालंय, पण त्याच्याही झेरॉक्सच उरल्यात.

पहिलं पाउच सापडलं तेव्हा आई खूश झाली होती. घरी येऊन सांगितलं, "आज एक निळं पाउच आलं. आत इन्सुलिनचं पेन. नवंकोरं. माझ्यासारखंच."

"मग मालक येईल धावत," मी म्हटलं. "जीवाशी गाठ आहे."

मालक आला नाही. पुढच्या आठवड्यात दुसरं पाउच आलं. निळंच. मग तिसरं. औषधाच्या दुकानात पेन घेतलं की हे पाउच फुकट मिळतं, त्यामुळे गावभर सगळ्या मधुमेही माणसांकडे हेच. मालकाचं नाव लिहायला त्यावर एक पांढरी पट्टी असते. या तिन्ही पाउचांवरची पट्टी फाडलेली होती. इथे आईच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"नाव का फाडायचं माणसाने?" ती म्हणाली.

"तूही फाडतेस की."

"मी फाडते कारण माझं नाव, माझा आजार जगाला कशाला सांगायचा. मला कारण आहे. याला काय कारण?"

चौथ्या पाउचापासून नोंदवहीची भाषा बदलली. 'मालक अज्ञात' इथे न थांबता आई लिहायला लागली: 'मालक अज्ञात, मधुमेही, पुरुष असण्याचा संभव, हेतू संशयास्पद.' ही वस्तू कोणत्याही कंडक्टरने आणलेली नव्हती. ती थेट खिडकीवर सापडायची, दुपारी एक ते दीडच्या दरम्यान, प्रवाशांची गर्दी असताना. म्हणजे कुणीतरी येऊन ठेवून जात होतं. आणि आईला पत्ता लागू देत नव्हतं. सव्वीस वर्षांत आईला पत्ता न लागू देता तिच्या खिडकीवर कुणी काही ठेवलं नव्हतं. हा अपमान होता.

त्याच सुमारास घरातून आईची पाउचं नाहीशी व्हायला लागली.

आता तुम्ही म्हणाल, काखेत कळसा आणि गावाला वळसा. बरोबर आहे तुमचं. पण तुम्ही पहिलं वाक्य वाचलंय, आम्ही वाचलं नव्हतं. आम्हाला दोन वेगवेगळी प्रकरणं दिसत होती. डेपोत पाउचं वाढत होती, हे एक. घरात कमी होत होती, हे दुसरं. आणि दुसऱ्या प्रकरणात आईकडे आरोपी तयार होता: मामा.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. आमच्याकडेच राहतो. ड्रायव्हिंग शिकवतो. आयुष्यभर शिकाऊ माणसांच्या शेजारी बसल्यामुळे त्याचा उजवा पाय सतत ब्रेक शोधत असतो. जेवताना कुणी जोरात काही बोललं की टेबलाखाली पाय दाबला जातो. मामाला डॉक्टरांनी 'साखर काठावर आहे' असं सांगितलं होतं. मामाने त्याचा अर्थ, अजून पडलेली नाही, असा घेतला आणि गोड खाणं चालू ठेवलं.

"तू माझं इन्सुलिन टोचून घेतोस आणि वर केक खातोस," आई म्हणाली.

"ताई, मला सुई बघितली की घेरी येते. शाळेत लस टोचायला आले तेव्हा मी झाडावर चढलो होतो. तूच उतरवलंस."

"म्हणूनच तर संशय येणार नाही असं वाटलं तुला."

मामाचा पाय टेबलाखाली दाबला गेला. आईने फ्रिजला सायकलची साखळी आणि कुलूप लावलं. किल्ली गळ्यात. मामाला थंड पाणी प्यायचं असेल तर कारण सांगावं लागे.

औषधवाल्याने मात्र मला बाजूला घेऊन विचारलं, "सहा आठवड्यांत सातवं पेन. एक पेन वीस दिवस जायला हवं. पेन खाताय का तुम्ही?" मी हसलो. त्याच्या वहीत 'ग्राहक हसले' अशी नोंद झाली असणार, कारण त्यानंतर तो माझ्याकडेही तसाच बघायला लागला.

सातवं पाउच आलं त्या दिवशी आईने साहेबांना, म्हणजे डेपो मॅनेजरला, लेखी कळवलं. पत्राच्या तीन प्रती लागतात, त्या मीच काढल्या. पत्रात होतं, की एक इसम गेले दीड महिना सुयांसह पाउचं खिडकीवर ठेवून पसार होत आहे. इसम आजारी असावा किंवा आजारी असल्याचे भासवत असावा. खिडकीवरचा कॅमेरा तपासण्यात यावा.

साहेब एरवी कशावरच सही करत नाहीत. पण 'सुया' शब्द वाचून ते दचकले. त्यांनी सुरक्षा अधिकाऱ्याला बोलावलं आणि शुक्रवारी सकाळी अकरा वाजता सगळ्यांनी मिळून कॅमेरा बघायचं ठरवलं.

आईला शुक्रवारपर्यंत दम निघत नव्हता. रविवारी तिने मला कामाला लावलं.

"उद्या एक ते दीड तू दुकान बंद ठेवायचं. नजर माझ्या खिडकीवर. कोण ठेवतो ते बघायचं. ओरडायचं नाही, पळायचं नाही. फक्त वर्णन."

"मला काय मिळणार?"

"जेवायला मिळतंय तेच चालू राहील."

सोमवारी एक वाजता मी झाकण लावलेल्या मशीनवर बसलो आणि समोर बघत राहिलो. वर्णन देतो. एक वाजून दोन मिनिटांनी आईने ड्रॉवरमधून छोटी वही काढली, पेनाने खूण केली. तिची इंजेक्शनची वही. आधी नोंद. मग स्वतःच्या पिशवीतून निळं पाउच काढलं, पेन काढलं, आकडा फिरवला आणि पेन पाउचात ठेवून पाउच खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं, कारण डबा काढायला दोन्ही हात लागतात. डबा काढेपर्यंत एक बाई आल्या. त्यांचा चष्मा हरवला होता आणि तो हरवल्यामुळे त्यांना अर्ज वाचता येत नव्हता. आईने तो वाचून दाखवला. मग एक शाळकरी मुलगी आली, मग एक म्हातारे गृहस्थ, त्यांना फक्त वेळ विचारायची होती. आईने डबा उघडला आणि जेवली. जेवून झाल्यावर तिची नजर पाउचावर गेली.

ती थांबली. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. घड्याळात बघितलं. हळूच खिडकीबाहेर वाकून गर्दीत बघितलं. मग माझ्याकडे बघितलं आणि भुवयांनी विचारलं, 'दिसला?'

मी मान हलवली. कुठल्या दिशेने हलवली ते मला आठवत नाही.

तिने चिठ्ठी घेतली, दोरा घेतला, वही उघडली. आठवं.

आता मी काय करायला हवं होतं हे सगळ्यांना माहीत आहे. फलाट ओलांडायचा आणि सांगायचं. पण अडचण अशी होती, की आईचा जगात एकाच माणसावर पूर्ण विश्वास होता, आणि मला त्याच माणसाविरुद्ध साक्ष द्यायची होती. शिवाय शुक्रवारी साहेब कॅमेरा बघणार. बघितलं की आईला खिडकीवरून उठवणार. निवृत्तीला चौदा महिने आहेत. डेपोत अशा लोकांना वरच्या मजल्यावर एक टेबल देतात, त्या टेबलावर काहीच नसतं, आणि ते काहीच नसलेलं रोज आठ तास सांभाळायचं असतं. आईला ते देणं म्हणजे कुबडीवाल्याची कुबडी काढून घेणं. आणि तिच्या बाबतीत चमत्कार होणार नाही हे मला माहीत होतं.

"कोण होता?" घरी आल्यावर आईने विचारलं.

"गर्दी होती," मी म्हटलं.

"तू त्याला सामील आहेस का?"

"आई."

"विचारून ठेवलेलं बरं."

मंगळवारी डॉक्टरीणबाईंकडे जायचंच होतं. आईची तीन महिन्यांची साखर, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी, मागच्या वेळी आठ होती. आता अकरा आली.

"डोस चुकतायत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"एकही नाही. माझ्याकडे नोंद आहे," आई म्हणाली आणि वही पुढे केली. रोज दुपारी एक वाजता खूण. एकही दिवस सुटलेला नाही. डॉक्टरीणबाईंनी वही बघितली, मग मला बघितलं. मी छताचा पंखा बघितला.

त्यांनी आईला तीन शब्द दिले, चमचा, खिडकी, घोडा, आणि ते लक्षात ठेवायला सांगितले. मग कागदावर घड्याळ काढायला लावलं, अकरा वाजून दहा मिनिटं झालेली. आईने घड्याळ सुंदर काढलं. काटे मात्र दोन्ही अकरावर आले. ती बघत राहिली आणि म्हणाली, "बंद असेल."

"आता ते तीन शब्द सांगा."

"खिडकी," आई म्हणाली. बोटावर एक मोजला, दुसऱ्या बोटावर अडकली. "बाकीचे दोन तुम्ही दिलेच नाहीत."

"दिले होते."

"पावती आहे?"

नर्स आईला वजनाला घेऊन गेली तेव्हा मी डॉक्टरीणबाईंना पाउचांचं सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत, याचा मला राग आला आणि बरंही वाटलं.

"म्हणजे दुपारचा डोस बरेचदा राहूनच जातो," त्या म्हणाल्या. "पाउच बाहेर राहिलं ते दिवस तुम्हाला कळले. खूण करून पाउच तसंच पिशवीत परत गेलं, ते दिवस कुणी मोजले? साखर चढते. ती अशी सलग वर राहिली की डोकं धूसर होतं. धूसर डोकं पुढचा डोस विसरतं."

"म्हणजे साखरेमुळे विसरते, की विसरते म्हणून साखर वाढते?"

"विचारायला गेलात तर दोघं एकमेकांकडे बोट दाखवतील. मेंदूचंही इन्सुलिनशी देणंघेणं असतं. अंग इन्सुलिनचं ऐकेनासं होतं, तसा मेंदूही होत असावा, असं बऱ्याच जणांना वाटतं. मधुमेह असलेल्यांमध्ये विस्मरणाचे आजार जास्त दिसतात, एवढं नक्की. नेमकं कसं, यावर अजून भांडणं चालू आहेत. आणि संशय घेणंही कधी कधी त्यातच येतं."

"संशय ती आधीपासून घेते. त्याचा पगार मिळतो तिला."

"तरी लक्ष ठेवा. दुपारचा डोस कुणाच्या तरी समोर होऊ दे. तीन महिन्यांनी पुन्हा बघू. नुसतं धुकं असेल तर बरंचसं विरेल."

"आणि धुकं नसेल तर?"

"तीन महिन्यांनी बघू."

"आमच्याकडे नव्वद दिवसांनी लिलाव होतो," मी म्हटलं. त्यांना वाटलं मी विनोद केला.

बुधवारी माझ्या डोक्यात एक योजना आली. शुक्रवारच्या आत कुणीतरी मालक म्हणून येऊन आठही पाउचं नेली, तर प्रकरण मिटेल. सुंठीवाचून खोकला. साहेबांना बघायला काही उरणार नाही. मी स्वतःच खिडकीवर गेलो आणि अर्ज भरला.

आईने अर्ज वाचला, चष्म्यावरून मला बघितलं. "ही पाउचं तुमची?" मला 'तुमची' म्हणाली. खिडकीवर ती सगळ्यांना अहो-जाहो करते.

"हो."

"तुम्हाला मधुमेह कधीपासून?"

"मार्चपासून."

"तुमच्या आईला माहीत आहे?"

मी कान खाजवला. तिने अर्जावर 'दावा संशयास्पद' असा शिक्का मारला. हा शिक्का तिने स्वतःच्या खर्चाने बनवून घेतलाय.

गुरुवारी सकाळी मामाला पाठवलं. मामा खिडकीपर्यंत गेला, आईने फक्त मान वर केली, आणि मामाचा उजवा पाय फरशीवर दाबला गेला. तो जागीच थांबला. "ताई, किती वाजले?" एवढंच विचारून परत आला. "भाच्या, माफ कर," मला म्हणाला. "गिअरच पडला नाही."

शेवटचा उपाय म्हणजे 'पुढे-सरका'. हा आमच्या डेपोतला सगळ्यात जुना कंडक्टर. तीस वर्षं बसमध्ये 'पुढे सरका' म्हणून म्हणून आता लिफ्टमध्ये एकटा असला तरी म्हणतो. त्याला खरोखर मधुमेह होता, इन्सुलिनही होतं, आणि आईवर त्याचा जीव होता, कारण एकदा तिने त्याची हरवलेली शिट्टी पाच मिनिटांत शोधून दिली होती. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने टोपी नीट केली आणि तो गेला. पाउणला तो खिडकीवर, मी पाठीमागे, मशीनचा कागद संपल्याचं निमित्त करून.

"बाई, ती निळी पाउचं माझी आहेत."

"तुमची? मग आठ वेळा सांगितलंत का नाही?"

"लाज वाटली."

हे उत्तर आईला पटलं असावं. तिने आठही पाउचं कट्ट्यावर मांडली, ओळीने. "एकच प्रश्न विचारते. सगळ्या पेनांवर आकडा फिरवून ठेवलाय. टोचलेला नाही, नुसता फिरवलाय. टोचला असता तर परत शून्यावर आला असता. किती आकडा आहे?"

पुढे-सरका गडबडला. "आठ? बहुतेक आठ. नाही तर दहा."

मला वाटलं जमलं. खरा मालक असाच गडबडतो. पण आई हळूच म्हणाली, "चौदा. आठच्या आठ पेनांवर चौदा. आपला डोस कुणी विसरत नाही, भाऊ. बाकी सगळं विसरतं माणूस." आणि पाउचं आवरायला लागली.

मग थांबली.

"चौदा," ती म्हणाली. या वेळी कुणाला उद्देशून नाही.

पुढे-सरका माझ्याकडे बघून, ओठही न हलवता, बाजूला सरकला.

एक वाजला होता. आईने छोटी वही काढली, पण खूण केली नाही. "आत ये," मला म्हणाली. मी दाराने आत गेलो. सव्वीस वर्षांत त्या खोलीत बाहेरचं माणूस आलं नव्हतं, मी धरून. फळ्यांवर छत्र्या टांगलेल्या, कोपऱ्यात ती कुबडी. लिलावात कुणी घेतली नव्हती.

"मी दुपारी किती घेते रे?"

"बारा," मी म्हटलं.

"तू खोटं बोलताना कान खाजवतोस. पहिलीपासून."

मी हात खाली घेतला. "चौदा."

"हं." तिने आठही पेनं पुन्हा ओळीने लावली, आकडे वर करून. बराच वेळ ती त्यांच्याकडे बघत होती, छत्री मागायला आलेल्या माणसाकडे बघते तसं. "मला वाटलं होतं कुणीतरी माझी नक्कल करतोय."

"चांगली करत होता."

"सोमवारी तू बघितलंस?"

"बघितलं."

"वर्णन सांग."

फक्त वर्णन, असं ठरलं होतं आमचं. मी सांगितलं. "बाई. वय सत्तावन्न. करड्या रंगाचा स्वेटर, कोपराला रफू केलेला. एक चष्मा हरवलेल्या बाईंना अर्ज वाचून दाखवला. एका मुलीला मदत केली. एका आजोबांना वेळ सांगितली. स्वतःचं विसरली."

आईने हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मामाला फ्रिजची किल्ली द्यायला हवी," आणि गळ्यातून काढून माझ्या हातात दिली. "त्याची माफी मागायची नाही. तो डोक्यावर बसेल."

"आता टोच."

"नोंद केली नाही अजून."

"आज उलटं कर."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी तिला विनातिकीट प्रवास करायला सांगितलं. पण केलं. आठवं पेन उचललं, सुई लावली, टोचली. आकडा चौदावरून टकटक करत शून्यावर आला. मग वही उघडून खूण केली, आणि खुणेपुढे लिहिलं: 'साक्षीदार हजर.'

ती शिपायासारखी ताठ बसली होती, आणि मला पहिल्यांदाच दिसलं की ती घाबरलीय. "उद्या साहेब कॅमेरा बघतील," ती म्हणाली.

"मी काहीतरी करतो."

"तू काही करू नकोस. तुझं बघितलं काल."

शुक्रवारी सकाळी साडेनऊला ती माझ्या ठेल्यावर आली. हातात एक कागद. "तीन प्रती. वाचायचं नाही, नुसतं काढायचं."

मी नुसतं काढलं. मशीन काढतं तेव्हा कागद वरच येतो, त्याला मी काय करणार.

अकराच्या आत तो अर्ज साहेबांच्या टेबलावर होता. साहेबांनी तो वाचला, चष्मा काढला, सुरक्षा अधिकाऱ्याला चहा पाजून परत पाठवलं आणि अर्ज 'विचाराधीन' लिहिलेल्या ट्रेमध्ये ठेवला. त्या ट्रेमधून आजवर काहीही बाहेर आलेलं नाही. कॅमेऱ्याचा विषय नंतर कुणी काढला नाही. आई खिडकीवरच आहे, निदान साहेबांनी ट्रे उपसेपर्यंत. मी रोज एक वाजता फलाट ओलांडून तिच्यासमोर उभा राहतो.

"पहारा करतोस का माझ्यावर?" ती विचारते.

"मशीन तापलंय, थंड होऊ देतोय."

"रोज एकलाच तापतं?"

"संशयास्पद आहे खरं."

पेन टकटक करत शून्यावर येतं आणि मी परत जातो. विचारलं तर काही दिवस तिला डॉक्टरीणबाईंचे तिन्ही शब्द आठवतात. काही दिवस फक्त खिडकी. घरात सगळे म्हणतात, तो इसम बहुतेक गाव सोडून गेला. मामाही म्हणतो, थंड पाणी पीत.

अर्जाची चौथी प्रत माझ्याकडे आहे. ती अशी:

प्रति,
मा. डेपो मॅनेजर

विषय: आठ निळ्या पाउचांच्या मालकीबाबत व मुदतवाढीबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, सदर पाउचांचा मालक इसम नसून स्त्री असल्याचे, व सदर स्त्री याच विभागात सव्वीस वर्षे कार्यरत असल्याचे चौकशीअंती निष्पन्न झाले आहे. चौकशीत तिला आठपैकी एकही पाउच ठेवल्याचे आठवले नाही. या विभागाच्या अनुभवानुसार, त्यावरून मालकी खरी ठरते. तथापि, कारकुनास स्वतःचा दावा स्वतः मंजूर करता येत नसल्याने प्रकरण आपणाकडे पाठविण्यात येत आहे. कॅमेरा पाहण्याचे कष्ट घेऊ नयेत.

तसेच, सदर कारकून यापुढे खिडकीवर पंधरा मिनिटांहून अधिक काळ, कोणीही हात न लावता, नुसती बसलेली आढळल्यास तिला चिठ्ठी बांधून मधल्या फळीवर ठेवण्यास हरकत नाही. मात्र नव्वद दिवसांची अट तिला लावू नये व तिला लिलावात काढू नये. मालकाचा तपास चालू आहे. तो पूर्ण होईपर्यंत मुदतवाढ मिळावी, ही नम्र विनंती.